दोन बोयी आणि फेनॉमेनॉलॉजी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी तत्त्वज्ञान विषय घेतला तेव्हा तो घेऊ नकोस असं सांगणारं कोणी नव्हतं. आईने फक्त विचारलं, त्यात काय शिकवतात. मी म्हणालो, खरं काय ते कसं ओळखायचं. तिला ते पटलं. ती आमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन नेरूळच्या नव्या इमारतींत विकायला जायची. खरं-खोटं ओळखणारा मुलगा तिला हवाच होता.

दुसऱ्या वर्षाला सरांनी फेनॉमेनॉलॉजी शिकवायला घेतली. मला ती कळली ती अशी. सत्य असं काही नसतं, ज्याचं त्याचं मत तेवढं असतं, असं म्हणणारे लोक वाढले. तेव्हा काही विचारवंत म्हणाले, थांबा. वस्तूबद्दल आधीच ठरवून बसलात ते घटकाभर कंसात ठेवा, आणि ती तुमच्यासमोर कशी येते ते नीट बघून सांगा. पूर्ण कळली होती असं मी आजही म्हणणार नाही, पण तो कंस मला फार आवडला. आठवडाभर मी घरात कंस लावत फिरलो. बहीण म्हणाली भात करपलाय, तर मी तिला सांगितलं, करपलाय हे मत झालं, आधी वासाचं वर्णन कर. तिने वर्णन केलं नाही. करपलेला थर तेवढा माझ्या ताटात वाढला.

त्याच सुमारास आईची सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं असलेल्या चार मजली इमारतीत भानगड झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बुधवारी घेतलेली बोय, म्हणजे खाडीतली मासळी, शिळी निघाली. आई म्हणे ती त्याच पहाटेच्या भरतीची होती. प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलं. ते साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीत, वाचन दांडगं. सत्य सापेक्ष असतं हे त्यांचं ठाम मत होतं. नळाला पाणी नाही अशी तक्रार घेऊन कोणी गेलं तर तेही सापेक्ष आहे असं म्हणून ते दार लावत. त्यांनी निकाल दिला, की मावशींना मासळी ताजी वाटली, वहिनींना शिळी वाटली, दोन्ही आपापल्या जागी खरं, तेव्हा मावशींनी इमारतीत न आलेलं बरं.

दोन्ही खरं असेल तर बाहेर एकटी आईच का, हे मला कळेना. ती इमारत गेली तर शेजारच्या दोन जाणार, कारण बायका गच्चीवरून गच्चीवर बोलत. मी आईला म्हणालो, रविवारच्या मीटिंगला मी येतो, मी बोलतो.

ती म्हणाली, "बोल. पन मासली मी घेते."

मीटिंग जिन्याखाली होती. मी वही बघून बोललो. पूर्वग्रह, कंस, वस्तूचं समोर येणं, सगळं सांगितलं. दोघंतिघं फार आदराने ऐकत होते, त्यावरून त्यांना काही कळलेलं नाही हे मला कळलं. सेक्रेटरींनी मान डोलावली आणि म्हणाले, हुशार आहे मुलगा, पण शेवटी ताजं-शिळं हे बघणाऱ्यावरच अवलंबून.

आईने पाटीतून दोन बोयी काढल्या आणि पेपरवर ठेवल्या. एक आजची, एक कालची. आजची कुठली ते सांगा, म्हणाली. सगळे वाकले. एकीचा डोळा चकचकीत होता, दुसरीचा जरा मातकट. सगळ्यांनी चकचकीत डोळ्याची निवडली. आई माझ्याकडे बघत होती म्हणून मीही वाकलो आणि तीच दाखवली.

"ती कालची," आई म्हणाली. "बर्फात व्हती. बर्फ डोला राखतो."

सेक्रेटरी खूश झाले. म्हणाले, बघा, कोळ्याच्या पोरालासुद्धा ओळखता आलं नाही.

"त्यानं बोट कुटं लावला? तो वहीत बघत व्हता. साहेब, तुमी लावा."

सेक्रेटरींनी बाही वर केली. आजची दाबली. बोट उचललं तसं अंग पुन्हा भरून आलं. मग कालची दाबली. तिच्या अंगावर खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबली. दुसरा खड्डा. बराच वेळ ते त्या दोन खड्ड्यांकडे बघत राहिले.

"राहिला," शेवटी ते हळूच म्हणाले.

"मंग हा मानसागनिक बदलतो का?" आईने विचारलं.

त्यांनी पेपरच्या कडेला बोट पुसलं. आई वहिनींकडे वळली. आवाज चढवला नाही.

"वयनी, बुधवारी मासली साफ कवा केली?"

वहिनी आधी जमिनीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, संध्याकाळी. त्याआधी कशी करणार, दिवसभर नळाला पाणीच नव्हतं.

सगळे सेक्रेटरींकडे बघू लागले. मावशींनी मंगळवारपासून यावं असं ठरलं. ते कोणी ठरवलं हे मला आठवत नाही.

घरी येताना आईने पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, शिकवलेला बरोबर हाय तुजा, पन तू केला नाय. सर तीन आठवड्यांत सांगू शकले नव्हते ते एवढंच होतं.

मंगळवारी मात्र नवीनच ताप झाला. दाराशी आलेली प्रत्येक बाई बोट लावू लागली. चौथ्या मजल्यापर्यंत जाईतो पहाटेची मासळीसुद्धा इतकी मऊ झाली, की तिथल्या काकू म्हणाल्या, खड्डा राहतोय, शिळी आहे. आई तणतणत घरी आली. म्हणाली, तुज्या शिक्षनाचा हा फल. शेवटी तिनेच नियम घातला. इमारतीच्या वतीने एकट्या साहेबांनी खाली बोट लावायचं, तेही एकाच मासळीला.

सेक्रेटरींनी ते फार मनावर घेतलं. मासळीच्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी ते बाही वर करून फाटकाशी उभे राहत. एकदा मी आईबरोबर पाटी पोचवायला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी वरून हाक मारली, की पाणी नाही. सेक्रेटरी सवयीने काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, तशीच बाही वर ठेवून ते गच्चीवर गेले आणि टाकीत हात घातला.

खाली येऊन म्हणाले, कोरडी आहे.