दर रविवारी पाच मिनिटं

"तुम्ही फक्त हो म्हणा काकू, बाकी सगळं ठरलंय," नीलेश म्हणाला. मग मला कशाला आणलंस, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण शेजारधर्म असतो. नीलेश पुण्यात धायरीला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा अमरावतीचा, आयटीत नोकरी, पहिलीच गाडी. शुक्रवारी बायकोला आणि आठ महिन्यांच्या बाळाला त्याच गाडीतून दिवाळीला अमरावतीला आणतो, असं त्यानं आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. आज होता मंगळवार.

मी मोटार सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाडीचं खरं नुकसान किती, हे तपासून विमा कंपनीला कळवायचं, हे माझं काम. वीस वर्षं मोडक्या गाड्या बघितल्यामुळे असेल, चकचकीत गाडी दिसली की मला आधी शंका येते.

ही गाडी सहकारनगरच्या एका बंगल्यात चार वर्षं उभी होती. मालकांचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हापासून. अर्ध्या किमतीत मिळत होती. मालक जोगळेकर, बँकेतून निवृत्त. त्यांनी चहाच्या आधी हातात एक वही ठेवली. दर रविवारी सकाळी आठला गाडी सुरू, आठ पाचला बंद. चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

"असा मालक कुठं भेटते काकू?" नीलेश खूष.

मला त्या वहीचीच धास्ती वाटली. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत पाण्याची वाफ धरते, ती तशीच राहते आणि लोखंड गंजतं. मी इंजिन ऑइलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा थर. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. सायलेन्सरवर टिचकी मारली तर गंजाचा भुगा पडला. टायर वरून काळेभोर, बाजूंनी भेगाळलेले.

नीलेशचं म्हणणं, हे सगळं दिवाळीनंतर करू, आत्ता गाडी चालून तर राहिली ना. आईला शब्द दिलेला, त्याला साय कशी दिसणार? मग म्हटलं, ब्रेक बघू. बंगल्याच्या फाटकाशी उतार होता. पुढच्या चाकांपासून चार हातांवर मी दोन मोठे दगड लावले. त्याला सांगितलं, न्यूट्रलमध्ये सोड आणि ब्रेक जोरात दाब.

पहिल्यांदा गाडी थांबली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आता बोला. दुसऱ्यांदा पेडल थेट तळाला गेलं आणि गाडी दगडांवर जाऊन टेकली. ब्रेकचं तेल पुढं ढकलणारं आतलं रबर इतक्या वर्षांत न हलता कडक झालं होतं, ते फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही.

नीलेश पाय न उचलता तसाच बसून राहिला.  माझ्या डोळ्यासमोर त्याचं बाळ आलं, रोज संध्याकाळी मीच त्याला खेळवत होते. मग तो म्हणाला, "काकू, ट्रॅव्हल्सची तिकिटं मिळतील का हो अजून?"

जोगळेकर मात्र माझ्याकडे बघत होते. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

मला गुळगुळीत बोलणं जमत नाही. "हो. गाडी नुसती सुरू करून भागत नाही. आठवड्यातून एकदा कात्रजपर्यंत फिरवून आणली असतीत, तरी टिकली असती."

"मला चालवता येत नाही," ते म्हणाले. "मुलानं जाताना किल्ली कशी फिरवायची, तेवढं शिकवलं होतं."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मी एका चांगल्या गॅरेजचा पत्ता लिहून दिला. 

नीलेशची मंडळी दिवाळीला बसनं गेली. जोगळेकरांनी गाडी नीट झाल्याशिवाय कुणालाच विकणार नाही म्हणून सांगितलं. ब्रेक, टायर, ऑइल, सायलेन्सर, सगळं मी सुचवलेल्या गॅरेजमध्ये बदलून घेतलं. संक्रांतीच्या सुमारास नीलेशनं ती घेतली, तेव्हा मीही बरोबर होते. किल्ली हातात घेताना तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखीच जपीन."

"नको, नको," जोगळेकर घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही आपली वापरा."