टिकली बदलून चालेल?

बंदुकीच्या क्लबात जातो म्हटलं की लोक शिकारीचे किस्से मागतात. माझ्याकडे साठलेत ते सगळे टिकलीचे. कागदी टार्गेटपलीकडे आम्ही कशाला गोळी घातली नाही, पण टिकलीने आमचीच बऱ्याचदा शिकार केली.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. ब्रिस्टलच्या एका ऑफिसातले आम्ही दोघे, मी आणि नागपूरचा सबनीस, दर रविवारी क्लबात जायचो. पिस्तुलं तिकडे कधीच बंद झालेली, पण पिस्तुलाची काडतुसं चालणारी लांब रायफल ठेवता यायची. काडतुसं आम्ही स्वतः भरायचो, आर्थरच्या नजरेखाली. आर्थर म्हणजे क्लबातला सत्तरीचा मास्तर. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी वाटी असते, तिला तो प्रायमर म्हणायचा. सबनीसने ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाला, "अरे, ही तर दिवाळीतल्या बंदुकीची टिकली!" झालं. प्रायमर हा शब्द आमच्या घरातून हद्दपार.

एका हिवाळ्यात दुकानात पिस्तुलाच्या टिकल्या मिळेनात. रायफलच्या होत्या, दिसायला तशाच. सबनीस म्हणाला, "चालेल की."

आर्थरने विचारलं, चालेल म्हणजे काय? मी सांगितलं, "इट विल डू."

म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, "तुमच्या भाषेतला सगळ्यात डेंजरस शब्द आहे हा." पुस्तकात जी लिहिलीय तीच टिकली घालायची. अदलाबदल केली की कधी बार फुसका जातो, कधी नको तेवढा जोर होतो आणि बोटं जातात. एवढं सांगून त्याने फळ्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'नो चालेल'.

सबनीस ऐकतोय कसला. मॅचला गुपचूप रायफलच्या टिकल्या घालून आला. चाप ओढला, टक्. पुढे काही नाही. बार उडाला नाही की नळी टार्गेटकडेच ठेवून गप्प थांबायचं, हा नियम. दहापैकी सहा वेळा तो तसा थांबला आणि त्याच्यामागे अख्खा क्लब थांबला. सहाव्या वेळी आर्थर शांतपणे म्हणाला, "मिस्टर सबनीस, युअर चालेल इज नॉट चालेलिंग." उरलेली काडतुसं त्याने काढून घेतली.

त्याच सुमारास मी फोनवर सबनीसकडे रडत होतो, "अरे, टिकल्या संपल्यात, कुठे मिळत नाहीत." पुण्याहून आलेल्या आमच्या सासूबाई तेव्हा शेजारी गवार निवडत होत्या. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा बॅगेतून चाळीस पाकिटं काढली. "जावईबापू, माझी पोर परदेशात बिनटिकलीची राहते, आणि तुम्ही मित्राला सांगता? मला सांगायचं! मोठ्या, छोट्या, दोन्ही आणल्यात."

सबनीस पाकिटं उलटीपालटी करत म्हणाला, "काकू, पिस्तुलाच्या कुठल्या?" मी त्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

पुढे माझं रायफलचं लायसन्स रिन्यूला आलं. चौकशीला पोलीस साहेब घरी येतो, आणि त्याला जरा शंका आली की रायफल गेली, क्लब गेला, रविवार गेले. मला रात्रभर झोप नव्हती. साहेबाने लोखंडी कपाट पाहिलं, कुलपं ओढून पाहिली. सगळं ठीक. मग माझ्या सहा वर्षांच्या ईराला सहज विचारलं, "डॅडी त्याच्या वस्तू नीट ठेवतो ना?"

ईरा म्हणाली, "हो. डॅडीच्या टिकल्या लॉक्ड असतात."

"टिकल्या म्हणजे?"

"प्रायमर," मी घाईने म्हणालो, "आमचा घरचा शब्द आहे."

साहेब खूश झाला. फॉर्मवर लिहायला लागला.

"पण मम्मीच्या टिकल्या बाथरूमच्या आरशावर चिकटवलेल्या असतात," ईरा म्हणाली. "आजीने सूटकेसमधून फॉर्टी पॅकेट्स आणले. विमानातून."

पेन थांबलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कपाळावर आईने आणलेल्यातली मोठी, लाल.

साहेबाने तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फॉर्मवर सही केली, कप उचलला आणि हळूच विचारलं, "पिस्तुलाची, की रायफलची?"