रांगेत टाकलेला रुमाल

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागली की बाबा खिडकीतून आत रुमाल टाकत. रुमाल पडला की सीट आपली. मग कोणी कितीही धटिंगण आत शिरो, रुमाल उचलून बाजूला ठेवायची त्याची हिंमत होत नसे, आणि झालीच तर बाबा होतेच. तोच रुमाल ते कापसाच्या जिनिंगमध्ये तोंडाला बांधत. तिथं ते फिटर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे दुरुस्त केले आणि त्या रेच्यांतून उडणारी रुईची धूळ छातीत भरून घेतली. एवढीशी चिंधी ती, काय अडवणार होती.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत जिनिंगला माल येईनासा झाला. मालकानं आधी एक पाळी बंद केली, मग गेटच. तोवर बाबांची छाती कामातून गेली होती. मी तेव्हा यवतमाळला इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होते. विषय घरातूनच निघालेला: जिनिंगच्या शेडमध्ये हवा कशी फिरते आणि धूळ कुठं जाऊन बसते. शेडची मापं, खिडक्या, रेच्यांच्या जागा, सगळं बाबांनीच खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं.

त्यांचा एकच प्रश्न होता. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया सारख्या खोकायच्या, म्हणून त्यांनी मालकाच्या मागं लागून भिंतीत मोठा पंखा बसवून घेतला होता.

"म्या लावलेला पंखा बराबर होता का चुकला, तेवढं तुह्या मशीनले विचार," ते म्हणाले. "पण मी हाये तोवर सांगजो."

आपल्याकडं फार दिवस नाहीत हे त्यांना कळलं होतं. आम्ही मात्र त्यांच्यासमोर ते कळलं नसल्यासारखं वागत होतो.

कॉलेजच्या कॉम्प्युटरला एवढं गणित झेपेना. तापायचा आणि बंद पडायचा. शेवटी माझ्या गाइड मॅडमनी खटपट करून दूरच्या शहरातल्या एका सुपरकॉम्प्युटरवर खातं काढून दिलं. तो म्हणजे एकत्र जोडलेली शेकडो मशीनं, देशभरातले संशोधक ती वाटून वापरतात. मला वाटलं, आज लॉगिन, उद्या उत्तर. कसचं काय. समोर नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकती रेघ. बटण नाही, चित्र नाही. हुकूम टाइप करायचा, एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. आणि लॉगिन झालं म्हणून लगेच काही चालवताही येत नाही. त्यातली किती मशीनं लागतील, किती वेळ लागेल ते लिहून काम रांगेत लावायचं आणि नंबर लागायची वाट पाहायची.

माझी मापं भरून व्हायची होती, आणि ती रांग रोज लांबताना दिसत होती. मग मी जे केलं ते दिग्रसच्या स्टँडवर वाढलेल्या पोरीलाच सुचावं. मी रुमाल टाकला. म्हणजे रांगेत एक रिकामं काम लावलं: भरपूर मशीनं मागायची आणि त्यांच्यावर नुसतं झोपून राहायचं. नंबर लागला की आपण आत शिरून खरं काम सुरू करू, असा बेत. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की बाबांना फोन करून सांगितलं. ते हसले, आणि हसता हसता खोकतच राहिले.

नंबर लागला तेव्हा मी एसटीत होते. बाबांना दम लागला म्हणून मायनं तातडीनं बोलावलं होतं आणि दारव्ह्याच्या पुढं फोनला रेंज नव्हती. तिकडं ती सगळी मशीनं माझ्या नावावर रिकामी बसून राहिली. यवतमाळला परत येऊन पाहते तर खातं बंद.

मी हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडचा माणूस मराठीच निघाला.

"मॅडम, तुमचं काम काहीच करत नव्हतं."

"माहीत आहे. रुमाल होता तो."

त्याला रुमाल समजावून सांगावा लागला. समजल्यावर तो रागावला नाही, ही त्याची भलाई. म्हणाला, इथली रांग वेगळी असते. ज्यानं आजवर खूप वापरलं तो मागं सरकतो, ज्याला काहीच मिळालं नाही तो पुढं येतो. "तुम्ही नवीन होता. तुमचा नंबर तसाही लवकर लागला असता. आता ती रिकामी मशीनं तुम्ही वापरली असंच धरलं जातं, म्हणून मागं गेलात." खातं त्यानं काही दिवसांनी उघडून दिलं. मला स्वतःचाच इतका संताप आला होता की फोन केला त्या दिवशी मेसचा डबा उघडला नाही.

बाबांना मात्र ती रांग फार आवडली. "ज्याले काहीच भेटलं नाही त्याले पुढं घेते? अशी रांग म्या त कुठी पाह्यली नाही बापा." तेव्हा त्यांना दोन वाक्यंही जड जात, तरी भेटायला येणाऱ्याला ते ही रांग सांगत.

मी खरं काम रांगेत लावलं आणि शेवटी एकदाचं उत्तर आलं. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या खाटेशी बसले. शेडचं चित्र होतं, धूळ कमी तिथं निळं, जास्त तिथं लाल. रेच्यांजवळची बायांची जागा निळी होती. पंखा तिथली धूळ ओढून एका कोपऱ्यात नेऊन टाकत होता आणि तो कोपरा लालभडक होता.

"इथं काय हाये?" बाबांनी बोट ठेवलं.

"तुमचं टेबल."

ते पाहत राहिले. मला रडू फुटत होतं, म्हणून मी उगाच ओढणीनं की-बोर्ड पुसत होते.

"बाया निळ्यात हायेत ना?"

"हो."

"मंग पंखा बराबर होता."

त्यांचं समाधान झालं, माझं नाही. माझी चिडच झाली. टेबलामागं खिडकी नव्हती का, मी विचारलं. होती, ते म्हणाले, पण तिच्यापुढं रुईच्या गठाणी रचून ठेवत, म्हणून मापं देताना ती धरलीच नव्हती. "उघडून पाह्य बरं."

खिडकी उघडी धरून मी काम पुन्हा रांगेत लावलं. पण रुमालाचा आणि पहिल्या कामाचा वापर नावावर होता, म्हणून आमचा नंबर मागं होता. "लागला का?" बाबा रोज विचारत. मी नाही म्हणे. मग ते डोळ्यांनीच विचारू लागले.

नंबर लागला तो तेरवीच्या दिवशी. बाहेर पंगत बसली होती. मी आतल्या खोलीत जाऊन चित्र उघडलं. बाया निळ्या, आणि बाबांचा कोपराही निळा. नुसत्या गठाणी हलवायच्या होत्या.

माय दारात येऊन उभी राहिली. "काय म्हनते तुह्यं मशीन?"

"पंखा बरोबर होता," मी म्हणाले.

रेच्यांवरच्या बाया जेवायला आल्या होत्या. माय त्यांच्यात जाऊन बसली आणि एकेकीला ते सांगू लागली. खिडकीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.