माझी ‘अंतिम’ ओळ आणि थोरल्या जाऊबाई

जाऊबाई, तोंडावर सांगते, आयुष्यभर मी तुमच्यावर जळले. कॉलेज शिकलेली मी, मान मात्र तुम्हाला! मी सरकारी खात्यात नियमांचे मसुदे लिहायची, तुम्ही न्यायाधीशांच्या स्टेनो. ते बोलायचे, तुम्ही टिपून टाइप करायचात. तरी तुम्ही कोर्टातून आलात की अख्खं घर हळू आवाजात बोलायचं. मी आले की म्हणायचं, दोरीवरचे कपडे काढ.

दुकानांच्या परवान्यांचे नियम मी लिहिले. शेवटची ओळ तर खास माझी: ‘अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील, त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही.’ साहेब खूश. बढती ठरल्यातच जमा. तेवढ्यात दुकानाला सील लागलेला एक शिंपी कोर्टात गेला आणि प्रकरण नेमकं तुमच्याच न्यायाधीशांपुढे आलं.

सुनावणी संपली, निकाल राखून ठेवला. म्हणजे तो तुमच्या टाइपरायटरवर! बटाटे सोलताना मी विचारलंच, "एवढंच सांगा, माझी ओळ राहिली की गेली?"

"सालं फार जाड काढतेयस," तुम्ही म्हणालात.

सासूबाई लगेच, "थोरलीकडून शीक जरा. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

निकाल लागला. नियम राहिले, माझी ओळ तेवढी रद्दबातल. नियम करणारं सरकार, राबवणारं सरकार आणि चुकलं का ते ठरवणारंही सरकारच, मग माणसाने जायचं कुठे, असं न्यायाधीशांनी विचारलं होतं. शिंप्याचं दुकान उघडलं, माझी बढती दुसऱ्याच्या पदरात पडली. आणि आमचे हे, पेपर वाचून म्हणतात, "वहिनींनी काय झकास टाइप केलंय!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोडलीत ना माझी ओळ?"

"मी फक्त टाइप केलं गं. तू तरी नियम कुठे केलेस? नुसते लिहिलेस."

"मग निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणून द्या. वाचते तरी."

"नकलांच्या खिडकीवर अर्ज कर. सगळे करतात."

घरच्या माणसाला रांग! आता दोघीही निवृत्त. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना कोर्ट वाटेतच लागतं, ती खिडकीही दिसते. मी अर्ज केलेला नाही, करणारही नाही. नक्कल तुम्ही आणायची होती, जाऊबाई. अजून आणलेली नाही.