मी मेले की खेळ संपतो

माझ्या धाकट्या भावाची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. त्या वयात मी आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम खेळले. राक्षस, तलवारी, जादूची औषधं, पडके किल्ले, सगळं त्यात होतं. खेळले ती जागा मात्र डायलिसिसचा वॉर्ड होती. तंजावूरमधल्या एका खाजगी इस्पितळाचा दुसरा मजला, खाली टाउन बसचे हॉर्न आणि वर एसीची घरघर.

भाऊ पापनाशमला एकटा राहायचा. त्याने लग्न केलं नाही. का, ते विचारणं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये तो कॉम्प्युटर शिकवायचा. आठवड्यातून तीनदा तो बसने यायचा, इस्पितळात चार तास यंत्राला जोडलेला असायचा, आणि रात्री आमच्या घरी झोपून सकाळी परत जायचा. मी नुकतीच सरकारी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्यामुळे शेजारच्या स्टुलावर बसायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की घरातल्या कुणी एक मूत्रपिंड दिलं तर हा माणूस पुष्कळ जगेल. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला, म्हणजे हरकत नाही. कोइंबतूरला असलेली मुलगी फोनवर थोडी रडली आणि तीही कबूल झाली. अडून बसला तो भाऊच. त्याची सही लागणार होती, आणि विषय काढला की तो म्हणायचा, पाहू. पाहू, पाहू करत अर्धं वर्ष गेलं.

तर गेम. हातात धरून खेळायचं एक यंत्र त्याच्याकडे होतं, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं, दोन्ही बाजूंना बटणं. ते चालवायला दोन हात लागतात. डायलिसिसच्या वेळी त्याच्या डाव्या हातात दोन जाड सुया असायच्या आणि तो हात जरासुद्धा वाकवायचा नाही अशी ताकीद होती. एक दिवस त्याने ते यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, तू चालव, मी सांगतो. मी इतक्या पटकन तयार झाले याचं त्याला नवल वाटलं. खरं कारण वेगळं होतं. घरी विषय काढला की तो उठून गच्चीवर जायचा. इथे तो चार तास नळ्यांनी बांधलेला होता, पळून जाणार कुठे? खेळता खेळता याला गाठीन, असा माझा बेत होता. पुढे कळलं की त्याचाही बेत होताच. मी खेळात गुंतले की बोलणार नाही, असा.

पहिला दिवस सगळा नाक करण्यात गेला. आपलं पात्र आपणच घडवायचं असतं: उंची, रंग, केस, नाक, हनुवटी. मी नायिका ठेंगणी आणि जाडी केली. नाकात काही घालता येतं का म्हणून विचारलं, तर येत होतं, पण बैलाच्या वेसणीसारखं. पोक येतं का? नाही. गुडघे दुखतात असं दाखवता येतं का? भाऊ कपाळाला हात लावून बसला. धंदा कोणता घ्यायचा त्याची यादी आली तेव्हा मी वैद्य घेतला. लढाईत मागे उभं राहायचं आणि जखमी माणसाला औषधाची कुपी द्यायची, हे आपल्याला जमेल असं वाटलं.

माझ्याबरोबर आणखी तिघं होते. एक धनुष्यवाली, एक म्हातारा जादूगार आणि एक किडकिडीत, लांब मानेचा तलवारवाला. तलवारवाल्याकडे बोट दाखवून भाऊ म्हणाला, हा मी समज. म्हटलं, समजायला कशाला पाहिजे, मान तीच आहे.

खरं सांगते, तो खेळ मला पहिल्यांदा आवडला नाही. सगळीकडे धुकं, वाळलेली झाडं, मेलेली गुरं. गावात शिरावं तर घरं जळालेली. आमच्या बाजूला कालवे भरून वाहत होते, बसमधून येताना दोन्हीकडे हिरवंगार भात, आणि हा माणूस हौसेने असल्या ओसाड मुलखात का जातो ते मला कळेना. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की इथे तहान लागत नाही. त्याला दिवसाचं पाणी मोजून होतं. नारळाच्या बागांच्या गावात राहून त्याला शहाळं बंद होतं, केळं बंद होतं, सकाळची कॉफी दोन घोट. त्याने सांगितलं त्या दिशेला मी चालू लागले.

पहिल्याच मोठ्या लढाईत मी मेले. लांडग्यांसारखी काही जनावरं आली. मी धनुष्यवालीला औषध दिलं, म्हाताऱ्याला दिलं, तलवारवाल्याला दोनदा दिलं. मला दोन जनावरं चावत होती ते दिसत होतं, पण वाटलं, आधी यांचं होऊ दे. कुप्या संपल्या, स्क्रीन काळा झाला. मी म्हटलं, हे काय, बाकीचे तिघं तर धडधाकट उभे होते!

भाऊ हसला. कितीतरी महिन्यांनी तो असा मोठ्याने हसला, नर्सने वळून पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, तूं मेलीस की खेळ संपते. अम्ही मेलों तर संपत नाहीं."

मी पुन्हा खेळले आणि पुन्हा तसंच केलं. तिसऱ्यांदाही. हे काही विसरणं नव्हतं. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत आजही बाईमाणूस सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात राहील ते घेतं. माझी आई पहिला घास केव्हा घ्यायची ते आम्ही पाहिलंच नाही, कारण तोवर आम्ही हात धुवून अंगणात गेलेले असायचो. कितीतरी पिढ्या इथे तमिळ शेजारात राहून आमचं पुष्कळ बदललं, बोलणं बदललं, सुनांची नावं बदलली, हे नाही बदललं. मी नोकरी केली, पुण्याला दोन वर्षं शिकायला राहून आले, तिथे लोक माझ्या मराठीला हसले, मग त्यांचं मराठी लिहायला शिकले, पण ताटाचं वळण तेच. चार माणसं समोर असताना औषध आधी स्वतःच्या तोंडाला लावायचं, हे माझ्या अंगठ्याला सुचतच नव्हतं. भाऊ चिडायचा. वैद्य मेला तर बाकीच्यांना कोण बघणार, म्हणायचा. मी म्हणायचे, तुझा हा खेळ बनवणाऱ्या माणसाला आई नव्हती.

असं करत करत मी शिकले. किल्ले घेतले, गुहा पार केल्या. मधूनमधून सहीचा विषय काढत राहिले आणि तो म्हणत राहिला, आधी हे दार उघड, आधी त्या पेटीत काय आहे ते पाहा. माझ्या तपासण्या मी त्याची वाट न पाहता करून घेतल्या होत्या. रक्तगट जुळला, पुढचंही सगळं जुळलं. शेवटचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी तो पिशवीत घालून वॉर्डात गेले, फार खुशीत होते. त्याच्या पोटावर रिपोर्ट ठेवला. त्याने वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाला, आधी पूल ओलांडू.

त्या पुलावर आम्ही बरेच दिवस अडलो होतो. दगडी पूल, खाली काळी नदी, मध्ये भलामोठा पहारेकरी. धनुष्यवाली आणि म्हातारा लवकरच पडले. तलवारवाला रक्तबंबाळ, माझी नायिकाही तशीच, आणि माझ्याजवळ एकच कुपी. भाऊ म्हणाला, तू पी. मी ती तलवारवाल्याला दिली आणि मेले. पुन्हा सुरू केलं. तो म्हणाला, तू पी. मी पुन्हा त्यालाच दिली. तेव्हा त्याने उजवा हात लांब केला, माझा अंगठा बाजूला सारला आणि स्वतः बटण दाबलं. कुपी माझ्या नायिकेने प्यायली. तलवारवाला गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. पहारेकऱ्याचा मग मी दोन घावांत निकाल लावला. संगीत वाजायला लागलं, नायिका पुलावरून एकटी पलीकडे गेली. पलीकडे धुकं नव्हतं.

"पाह, चाल्लीस की नाहीं," तो म्हणाला. आणि त्याच सुरात पुढे, "मी डॉक्टराला नक्को म्हणून सांगट्लों. कालच."

मी विचारलं, का. तो म्हणाला की माझ्यामागे माणसं आहेत, त्याच्यामागे कुणी नाही. हिशेब सरळ आहे. मला इतका संताप आला की ते यंत्र त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. त्याच्यामागे मी नव्हते का? मी माणसांत धरली जात नव्हते? पण आजूबाजूला नळ्या लावलेली माणसं डोळे मिटून पडली होती. मी रिपोर्ट पिशवीत परत घातला. त्याच्या सुया काढल्यावर कापूस दाबून धरायचं काम नेहमी माझं असायचं, त्या दिवशी ते नर्सने केलं.

त्यानंतरही मी जात राहिले. बोलणं कामापुरतं. तो यंत्र पुढे करायचा, मी खेळायचे, आणि आता मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पहिली कुपी मी माझ्या नायिकेला द्यायचे. दुसरीही. तलवारवाला समोर मार खात असायचा, किती जीव उरला ते दाखवणारा त्याचा लाल पट्टा उतरत यायचा, आणि मी शांतपणे बघायचे. तो पडला की त्याला ओलांडून पुढे जायचे. पूर्वी पडलेल्यांना उठवायला मी मागे फिरायचे, तेही बंद केलं. हे मी रागाने करत होते आणि त्याला कळावं म्हणूनच करत होते. पहिल्यांदा तो शाबास म्हणाला. नंतर नंतर नुसता छताकडे बघत पडायचा.

ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस सुरू झाला होता. पापनाशमहून येता येता तो भिजला होता, धाप लागत होती, पाय सुजलेले. मी टॉवेल दिला. नर्सने त्याला जोडलं, मी गेमचं यंत्र सुरू केलं, आणि पहिल्याच चकमकीत मी तलवारवाल्याला टाकून पुढे निघाले. भावाने हात माझ्या मनगटावर ठेवला.

"अक्का, थांब," तो म्हणाला. "तूं अशी एकटी जातीस ते मला पाहवत नाहीं." माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "अजून देशील कां?"

जन्मात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लहानपणी पेन्सिलसुद्धा मागायचा नाही, मी वापरून टाकली की उचलायचा. मी म्हटलं, "वेड्या, सगळं जुळलंय, तुझी वाट पाहूलाले." त्याच दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन बसले. ते भले माणूस, त्यांनी लगेच सगळ्या तपासण्या पुन्हा लिहून दिल्या, या वेळी त्याच्याही.

माझं सगळं तसंच उत्तम निघालं. त्याचं हृदय मात्र त्या मधल्या महिन्यांत मोठं आणि सैल झालं होतं. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं, कसं आकसायला हवं आणि कसं आकसत नाही. भूल सोसणार नाही, म्हणाले. औषधं देऊन पाहू, सुधारलं तर विचार करू. ते पाहू म्हणाले तेव्हाच मला समजलं.

त्याला मी सांगितलं. तो घाबरेल असं वाटलं होतं, पण तो फक्त लाजला, काहीतरी अवाजवी मागितल्यासारखा, आणि म्हणाला, "सरी, विड अक्का, जाऊ दे." औषधांनी काही झालं नाही. कार्तिकातल्या एका पहाटे पापनाशमच्या खोलीत तो झोपेतच गेला. शेजाऱ्यांनी फोन केला.

दिवसकार्याला आलेली माणसं सांगत होती, किती मोठ्या मनाचा, बहिणीला काही होऊ नये म्हणून घेतलं नाही. मी त्यांना खोडून काढलं नाही. पण ते खरं नाही. त्याने मागितलं होतं. माझ्याजवळ होतं, आणि द्यायची वेळ निघून गेली होती.