कोरेगावच्या गोठ्यातला वळसा

सरांनी माझी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखालून काढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, हा तुकडा उलटा नाही. तुमच्या अंगठ्याखाली दुमडलाय."

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. पीएच.डी.साठी मिळालेली रजा दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपणार होती. काम होतं हिवतापाच्या डासाच्या गुणसूत्रांचा नकाशा काढण्याचं. मादी रक्त प्यायली की तिच्या पोटात अंडी धरू लागतात. ती अर्धी तयार झालेली असताना अंडाशयातल्या काही पेशींत गुणसूत्रं चांगली जाडजूड होतात. त्यांच्यावर आडवे पट्टे असतात, काही जाड, काही बारीक. त्या पट्ट्यांचा क्रम कागदावर उतरवला की झाला नकाशा. कोणता जीन कुठे बसतो, ते मग त्यावर मांडायचं.

साताऱ्याकडच्या डासांत एका ठिकाणी मला हा क्रम उलटा दिसत होता. म्हणजे तिथला तुकडा कधीतरी तुटून उलटा जोडला गेला होता. प्रबंधात नवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, ते माझ्या हाताचं पाप वाटत होतं.

पुरावा एकच चालला असता. एखाद्या मादीत जोडीतलं एक गुणसूत्र सरळ आणि दुसरं उलट्या तुकड्याचं असलं, तर पट्ट्याला पट्टा भिडवताना त्या जागी वळसा पडतो. साडीचे दोन सारखे काठ घ्या. एकाचा मधला तुकडा उसवून उलटा शिवा आणि मग नक्षीवर नक्षी बसवायला जा. काठ वळवून घेतल्याशिवाय बसत नाही. तसंच हे.

"वळसा दाखवा, मी सही करतो," सर म्हणाले. "नाहीतर तो भाग गाळा."

गाळायचा माझा विचार नव्हता.

डास मी सासरहून आणायची. सासर कोरेगावजवळच्या खेड्यात. उजाडताना गोठ्यात शिरायचं, बॅटरी मारायची आणि रक्त पिऊन भिंतीवर सुस्त बसलेल्या माद्या काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायच्या. नळीत जाळी असते, डास तोंडात येत नाही. हे मला दर वेळी प्रत्येकाला सांगावं लागे. पण सासूबाईंची म्हैस एकच, डास पुरेनात. शेजारच्या काकूंचा गोठा मोठा. त्यांना आदल्या दिवशी निरोप दिला की सकाळी डास बघायला येते.

सकाळी गेले तर गोठा लख्ख. जमीन सारवलेली, भिंतींना चुना फासलेला आणि कोपऱ्यात शेणींवर कडुलिंबाचा पाला धुमसतोय. औषधालाही डास नाही.

"बघ," काकू पदराने नाक दाबून म्हणाल्या. "एक तरी घावतोय का बघ."

"अहो काकू, मला डासच हवे होते!"

"आगं, कालेजातनं तू डास बघाय येनार आन् आमच्या गोठ्यात डास? गावात तोंड दावाय जागा ऱ्हाईल व्हय?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "तिला पाळायचं हाईत त्ये."

"मंग सांगलीत डास न्हाईत व्हय?"

"भरपूर आहेत," मी म्हटलं. "पण ते गटारातले. मला गोठ्यातले लागतात."

गोठ्यातले म्हटल्यावर त्या जरा नरमल्या. चार दिवस धूर करणार नाही असं कबूल केलं, पण कुणाला सांगायचं नाही या अटीवर.

डास मिळाले. आता ते न्यायचे कसे, हा प्रश्न होता. मी पिंजऱ्यावर ओला टॉवेल टाकून तो मांडीवर घेतला आणि एस.टी.त बसले.

"ह्यात काय हाय, बाई?" कंडक्टरने विचारलं.

"डास."

त्याने तिकीट फाडायचं थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. "झाकन घट्ट धरा. ह्ये सुटलं तर पाशिंजर मलाच चावतील."

ऑक्टोबरचं ऊन. कराडला टॉवेल वाळला. इस्लामपूरच्या स्टँडवर नळाखाली पुन्हा भिजवला. सांगलीत पोहोचेपर्यंत अर्धे डास मेले होते, आणि उरलेल्यांची अंडी उकाड्याने भराभर पुढे गेली होती. गुणसूत्रं विरघळल्यासारखी झाली, पट्टे ओळखू येईनात. पुढच्या खेपेलाही तेच. दिवाळी जवळ आली.

मग माझ्या लक्षात आलं की मी उलटं ओझं वाहतेय. डास सांगलीला धड पोहोचत नाहीत, तर सूक्ष्मदर्शक गावाला जाईल. विभागात एक जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक कपाटावर पडून होता. त्याला दिवा लागत नाही, ऊन पुरतं. आणि गावात विजेचा भरवसा नव्हताच. तो मी वाकळेत गुंडाळून नेला आणि सोप्यात पाटावर मांडला. काकूंच्या गोठ्यातून धरलेल्या माद्यांचा पिंजरा माठांच्या शेजारी गारव्याला ठेवला.

दुसऱ्या दिवशी माद्या बरोबर हव्या तेवढ्या भरलेल्या होत्या. सुईने अंडाशय सोडवायचं, रंगाचा थेंब टाकायचा, वर काचेची चकती, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने दाब. दाब कमी पडला तर पेशी फुटत नाहीत, जास्त झाला तर सगळ्याचा चिखल. पहिल्या काही स्लाइड चिखलच झाल्या. नंतर हात बसला. पट्टे असे उमटू लागले, की सांगलीत तसे मी कधी पाहिले नव्हते.

आणि ऊन अंगणात आलेलं असताना तो दिसला. वळसा. दुमड असती तर पट्टे एकावर एक चढले असते. इथे दोन्ही पदर शेजारी शेजारी चालत होते, जोडीजोडीने गोल फिरून पुन्हा सरळ मार्गाला लागत होते. मी डोळा बाजूला घेतला, पुन्हा लावला. तो तिथेच होता. मी मोठ्याने हसले.

काकू ताक घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"ह्ये काय, गांडूळ?"

"डासाच्या पोटातलं आहे. तुमच्या गोठ्यातल्या."

"आमच्याच?"

"तुमच्याच. असं अजून कुणी दाखवलेलं नाही."

त्यांनी आणखी एकदा पाहिलं. मग उठून थेट आळीत गेल्या आणि हाळी दिली, "आगं ए, या की बघाय! आमच्या गोठ्यातला डास सांगलीला निघालाय!" दुपारपर्यंत सोपा बायकांनी भरला.

"आमच्यातबी लय डास हाईत," एक जण म्हणाली. "म्हशीला झोप न्हाई."

"असत्याल," काकू म्हणाल्या. "पन त्ये साधं. वळशाचं न्हाईत."

स्लाइडच्या कडा बंद करायला लाख नव्हती. नणंदेचं लाल नेलपॉलिश लावलं.

सांगलीत सरांनी ती लालभडक कडा बघून भुवया उचलल्या आणि स्लाइड भिंगाखाली सरकवली. डोळा लावून ते कितीतरी वेळ भिंग वरखाली करत दुमड शोधत राहिले. मी खुर्चीत बसून वाट पाहिली. मला घाई नव्हती.

"वळसा आहे," अखेर ते म्हणाले आणि खिशातून पेन काढून नकाशाच्या त्या पानावर सही केली. टोपण लावता लावता विचारलं, "असा आणखी एक मिळेल का? वर्गात दाखवायला?"

"मिळेल," मी म्हटलं. "पण काकूंना विचारावं लागेल."