जड ते पुढे

कुणाच्याही घरी गेले की ट्रेलरकाका दारातली पिशवी आधी उचलून बघायचे. "काय गं, एवढं काय भरलंयस?" उत्तराशी त्यांना देणंघेणं नसे, वजनाशी असे. कॅनडातल्या आमच्या रेजिना गावात त्यांच्या या सवयीला सगळे हसायचे.

त्यांचा कॅम्पिंगचा ट्रेलर त्यांनीच मला ओढायला शिकवला. "जड ते खाली आणि चाकांच्या पुढे. नाकावर भार हवा, शेपटीवर नको. शेपटी जड झाली की ती गाडीला नाचवते." हे इतकं ऐकवलं की मी स्वप्नातही तांदळाची गोणी पुढे सरकवायचे.

पण काका पडले भिडस्त. एका सहलीला निघताना जो तो "काका, एवढंच ठेवा हं" म्हणत आला आणि मागच्या कपाटात कुकर, कणकेची पोती, कुणाचा तरी खलबत्तासुद्धा कोंबून गेला. हायवेवर शेजारून ट्रक गेला आणि ट्रेलर जो डोलायला लागला! काकूंनी तेव्हाच सांगून टाकलं, "तुमच्या या धुडाबरोबर मी पुन्हा यायची नाही." काकांना काकूंना रॉकीजचे डोंगर दाखवायचे होते. ते राहिलंच, आणि काकांना फार लागलं.

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या उन्हाळ्यात काकांचे डोळे अधू झाले होते. काकू मला म्हणाल्या, "तू चालवणार असलीस तर येते. तुला 'नाही' म्हणता येतं." येतंच मला! निघताना "एवढंच ठेव गं" करत आलेल्या सगळ्यांना मी पिशव्यांसकट परत पाठवलं. त्यातल्या दोघीजणी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

रॉकीजच्या वाटेत आडवा वारा आला आणि ट्रेलर हलला. माझा पाय ब्रेककडे गेला. शेजारी काका शांतपणे म्हणाले, "गाडीचा ब्रेक नको. पाय उचल. स्टिअरिंग सरळ धर. आता नुसता ट्रेलरचा ब्रेक, हाताने." ट्रेलर गुमान मागे आला. मागच्या सीटवरून काकूंनी विचारलं, "चहाला कुठे थांबायचं?" काका खिडकीबाहेर बघत बसले, पण ते हसत होते.

दोन वर्षांनी काका गेले. पुढच्या उन्हाळ्यात ट्रेलर मीच काढला. कुणीतरी "एवढंच ठेव" म्हणत आलं आणि काकांच्या आठवणीत हरवून मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. काकू पुढे झाल्या, पिशवी उचलून बघितली.

"काय गं, एवढं काय भरलंयस?" म्हणाल्या, आणि तिची तिला परत दिली.